गाठ राहू दे, म्हाराजा!

बाळा परब बनियन बदलत होता आणि नेमकी त्याच वेळी थोरली बहीण मालाडहून न कळवता दारात येऊन उभी राहिली.

"अरे देवा! पोटावर ही गाठ कसली रे?" शकुताई किंचाळली.

गाठ नव्हतीच ती. मागच्या वर्षी बाळा शिडीवरून घसरून दांडीवर आदळला आणि त्याचा लघवीचा मार्ग आतून आक्रसला. दोन ऑपरेशनं वाया गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी नवा प्रयोग सुचवला. पोटाच्या कातडीखाली पेन्सिलीएवढी मऊ नळी ठेवायची, शरीर तिच्याभोवती आपणहून मांस धरतं, मग ते काढून खाली नवा मार्ग म्हणून शिवायचं. तोवर मांडीला लघवीची पिशवी. दहिसरच्या सोसायटीचा सेक्रेटरी असलेल्या माणसाने हे सांगायचं कोणाला? बायको वनमाला सोडून कोणालाच पत्ता नव्हता.

"साधी गाठ आहे गं ताई. पुढच्या आठवड्यात काढणार," बाळा म्हणाला आणि तिथेच फसला.

शकुताईने डोळे पुसले, मोबाईल काढला आणि थेट गावच्या देवळात फोन लावला. स्पीकरवर अनंतकाका. देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान चाळीस वर्षं त्यांचाच, आणि आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जाणारा.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू बाळा मुंबैक रवता. तेच्या पोटात गाठ इली हा. ती मेणासारखी विरघळवून टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागची वीसेक माणसं गरजली.

बाळाच्या पायाखालची जमीन सरकली. दीड महिना जिवापाड जपलेलं ते मांस, आणि देवाला ते विरघळवायला सांगून झालं होतं! काकांच्या अशाच एका गाऱ्हाण्यावर शकुताईच्या सुनेची बदली बारा दिवसांत झाली होती. हात लावायची सक्त मनाई असूनही त्याची बोटं पोटाकडे गेली.

"वनमाला, लहान झाल्यासारखी वाटतेय गं!"

"मग मला काय सांगताय? देवाला सांगा ना!"

बाळाने ताईच्या हातातला फोन ओढला. "काका, ती गाठ विरघळवायची नाही! राहू दे म्हणून सांगा!"

"खुळावलंस काय रे? देवाक उलट सांगूचा तर कारण सांगूक व्हया. सगळ्यांसमोर."

बाळाने डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. नळी, पिशवी, मार्ग, कुठला मार्ग. शकुताई तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. काकांनी मात्र शब्दन् शब्द इमानाने देवाच्या कानावर घातला, बाळा जे पुटपुटला होता तेसुद्धा खणखणीत आवाजात. ह्या वेळचं "होय म्हाराजा" जरा चाचरतच आलं.

आठवड्याने ऑपरेशन झालं. "मांस फार सुरेख धरलंय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्याभराने लघवीची नळी आणि पिशवी निघाली आणि वर्षभरानंतर प्रथमच बाळा बाथरूममध्ये उभ्याने मोकळा झाला. तिथेच त्याला रडू कोसळलं.

बाहेर आला तर फोन वाजत होता. अनंतकाका. पण आवाज इतका खाली, की बाळा दचकलाच.

"बाळा, त्या डॉक्टरणीचो नंबर दी रे. माका पण तोच त्रास, चार वर्सां झाली."

"चार वर्षं? मग काका, देवाला गाऱ्हाणं नाही घातलंत?"

काकांनी आवाज आणखी खाली आणला.

"घालतलो कोण? मीच मां! आणि ता मोठ्यान घालूचा लागता रे."