प्रश्नाला मार्क देणारे गायधनी सर

गायधनी सरांनी आमच्या प्राचार्यांना भर मीटिंगमध्ये दहापैकी दोन मार्क दिले होते. प्राचार्यांनी एवढंच विचारलं होतं, "पोर्शन संपला का?" सर म्हणाले, "उत्तर ठाऊक असताना विचारता. दोन." दहापैकी दहा त्यांनी आयुष्यात कोणाला दिले नव्हते.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं नाशकात एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो आणि इंदिरानगरात शेजारी राहायचो, त्यामुळे मला रोज मार्क मिळत. "चहा घेणार?" याला एक. सकाळी दूधवाला "किती देऊ?" म्हणायचा, त्याला कायमचा भोपळा. "रोज पाव लिटर घेतो ना? मग विचारतोस कशाला?" दूधवाला मला म्हणायचा, "तुमचे सर लय अवघड हायेत, साहेब."

सरांचा विषय हीट ट्रान्स्फर, म्हणजे उष्णतेचा प्रवास; वर्ग एम.ई.चा, संध्याकाळचा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून सुटलेले इंजिनिअर रिकामा डबा घेऊन थेट वर्गात यायचे. सर चाचणीत उत्तरं मागतच नसत. "उत्तरं लायब्ररीत ढिगानं पडलीत. प्रश्न आणा." प्रत्येकानं उभं राहून एक प्रश्न विचारायचा, मार्क त्या प्रश्नाला. प्रश्न ढापलेला निघाला की म्हणत, "हा पुस्तकाचा आहे. जिथून उचललात तिथे ठेवून या." मला ही पद्धत तेव्हाही पटायची, आजही पटते. माणूस विषयात किती मुरलाय, ते त्याच्या प्रश्नावरूनच कळतं.

गाडी अडली ती अहिरेंपाशी. अहिरे देवळ्याचे, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे, दोन मुलांचे बाप. एम.ई. झालं नाही तर त्यांची नोकरी जाणार होती. इथे खोली घेऊन ते पुस्तकं घोकत आणि अगदी छापील भाषेत प्रश्न विचारत. दरवेळी सर म्हणत, "ठेवून या." शेवटच्या चाचणीत पास व्हायला पाच हवे होते. अहिरेंना पुन्हा दोनच मिळाले.

वर्ग पांगला. मी वर्गाच्या मागच्या कोपऱ्यातलं माझं कपाट लावत होतो. अहिरे मान खाली घालून बसलेले आणि सर नेहमीसारखे, पुसलेला फळा परत पुसत होते. अहिरेंनी वर पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली.

"सर, तुमले घर जावानं नई का? कोनी वाट देखत नई का?"

डस्टर थांबलं. वहिनी गेल्यापासून त्या घरात दिवा सरच लावत आणि सरच मालवत.

"सिलॅबसबाहेरचा आहे," सर म्हणाले. "पण तुमचा आहे. आता असाच एक विषयातला विचारा. देवळ्याला काय पिकतं?"

"कांदा." अहिरे घुटमळले. "सर, चाळमा मझारला कांदा पहिले का सडस? बाहेरना मातर चांगला ऱ्हास."

"चाळीत साठवलेल्या ढिगात आतलाच कांदा आधी का सडतो? म्हणजे आतली ऊब अडते कुठे?" सरांनी खडू उचलला, फळ्याला टेकवला आणि तसाच खाली ठेवला. "मला आत्ता नीट सांगता येणार नाही. नऊ!"

अहिरे बसल्या जागी रडायलाच लागले. सर त्यांच्यावर खेकसले, "रडता काय? उद्या सकाळी घरी या. बसून काढू."

सकाळी दूधवाल्यानं भीत भीत विचारलं, "सर, किती देऊ?"

"अर्धा लिटर दे. अहिरे यायचेत." पातेलं घेऊन सर आत वळले आणि दारातच थांबले. "आज बरोबर विचारलंस रे. दहापैकी दहा."