मोठ्या बाबूंचं मानपत्र

मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला कमी लेखू नका! एका मानपत्राच्या जोरावर मी माणसाचं नशीब फिरवू शकतो. फिरवलंच! फक्त माणूस चुकला.

मी देवानंद. खामगावच्या एका कापसाच्या जिनमध्ये कारकून. समोरच्या टेबलावर आमचे मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, किसनराव. अकरा वर्षं झाली, जेवण झालं की ते टेबलावर डोकं ठेवून झोपतात आणि त्यांची कामं मी करतो. कापसाच्या गाड्यांची नोंद मी, व्यापाऱ्यांना पत्रं मी, चिडलेल्या शेतकऱ्यांची समजूतही मीच! यंदा ते निवृत्त होणार आणि खुर्ची मला मिळणार, असं खुद्द मालक म्हणाले होते. माझ्या बायकोनं, धम्मशीलानं, त्या खुर्चीसाठी गादीसुद्धा शिवून ठेवली होती.

निरोपाचं मानपत्र लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

"चार ओळी लिहा अन् मोकळे व्हा," धम्मशीला म्हणाली.

"चार ओळी? एम.ए. आहे मी!"

पण किसनरावांचे गुण काही सापडेनात. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कागद कोरा कसा सोडायचा, म्हणून माझीच सगळी कामं त्यांच्या नावावर लिहून टाकली आणि वर अलंकार चढवले.

समारंभाला हमालांपासून मालकांपर्यंत सगळे हजर. मी खणखणीत वाचायला लागलो. "किसनराव, आपण गेल्यावर या जिनमधली यंत्रं चालतील, पण जीव राहणार नाही!" हमालांनी डोळे पुसले. मालकांनी रुमाल काढला. किसनरावांच्या बायको सुभद्राबाई तर नवऱ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू आजच ओळख झाली! मला चेव आला. मी आवाज आणखी कापरा केला. तिथंच थांबायला हवं होतं हो!

मालकांनी माझ्या हातातला माइक ओढला. "असा माणूस मी घरी पाठवून राह्यलो? अक्कल हाय का मले? किसनराव, तुमी कुठीच जायाचं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! किसनराव हुंदका देत म्हणाले, "मले बी आजच समजलं मालक, मी एवढं काम करतो म्हणून!"

मी घाईघाईनं पुढं झालो. "मालक, थे सारं मी वाढवून लिहिलं हाय! अतिशयोक्ती अलंकार हाय थो!"

"काहीही सांगतं हे पोरगं," मालक हसले.

"अहो, थे सारे कामं मी करतो!"

मालकांचा चेहरा लाल. "काऊन बे देवानंद? आत्ताच तुह्या तोंडानं वाचलं ना? लेखी देऊन पलटून राह्यला?"

आता मला वाचवायला कोण उठावं? किसनराव!

"जाऊ द्या मालक, लेकरू हाय. अजून दोन-चार वर्षं माह्या हाताखाली राह्यलं की शिकन."

बेचाळीस वर्षांचा आहे मी!

घरी येऊन सगळं सांगितलं. धम्मशीलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तीन पानं लिहिले तुमी. त्यात तुमचं नाव कुठी होतं?"

"होतं ना," मी म्हणालो. "एकदम खाली. आपला नम्र, देवानंद."