शिंपीदादाची कंबर आणि झोपलेली ग्रंथी

माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार चळाचळा कापतात, असं मी स्वतः अनेकांना सांगितलं आहे. चपलेच्या झिजेवरून मी माणसाचा धंदा, स्वभाव आणि सासूशी असलेले संबंध ओळखतो. कधी चुकतं, पण तो दोष चपलेचा.

असा मी घरी चिंतन करत पडलो असताना वहिनी आली. माझा थोरला भाऊ शिंपी. त्याच्या कात्रीखाली कापड कधी वाकडं गेलं नव्हतं. परवा मात्र त्यानं एका वकिलाच्या कोटाची पाठ मधोमध कापून ठेवली.

"भावजी, ह्यांचे हात थरथरतात," वहिनी म्हणाली. "पंख्याखाली बसून घाम, छातीत धडधड, रात्रभर टक्क जागे. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. एक तर दुकान बसेल, नाहीतर माणूस."

"करतो तपास."

"तपास नको हो. त्यांना दवाखान्यात न्यायचंय, तेवढा हात लावा."

सामान्य लोकांची झेप एवढीच.

घाम, धडधड, जागरण! प्रेमप्रकरण आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मी दुकानासमोरच्या खांबाआड दबा धरला. खांब माझ्यापेक्षा अरुंद निघाला, त्यामुळे मी दादाला दोन्ही बाजूंनी दिसत होतो. दिवसभरात एकच बाई आली, आणि बाही आखूड केली म्हणून त्याचे वाभाडे काढून गेली. इतकं खरं प्रेमात कोणी बोलत नाही. सिद्धांत बाद.

मग लख्ख उजेड पडला: समोरचा शिंपी चहातून विष घालतोय! मी जिवावर उदार होऊन दादाचा चहा पिऊन टाकला. साखर कमी होती. अपराध गंभीर, पण फाशीचा नव्हे.

"तू घरी जा रे," दादा म्हणाला. दोरा सुईच्या आजूबाजूला सगळीकडे जात होता, नेढं सोडून.

शेवटी मी खणाची झडती घेतली. बटणांच्या डब्यामागे एक बाटली. लेबलावर पोटाला कायमचा मुकलेला एक उघडा इसम, आणि खाली मजकूर: 'झोपलेली थायरॉईड जागवा! चरबी वितळवा! शंभर टक्के नैसर्गिक!' नैसर्गिक म्हटल्यावर संशयाला जागाच कुठे? विंचूही नैसर्गिक असतो, हे मला नंतर सुचलं. मी बाटलीची निर्दोष मुक्तता करून ती जागेवर ठेवत होतो, तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या वहिनीनं ती हिसकावली.

"हे काय हो?"

"वजन उतरवायच्या कॅप्सूल," दादा ओशाळला. "व्यायामशाळेतला तो दंडवाला देतो. म्हणाला, मानेतली ग्रंथी झोपली की चरबी साचते."

"त्यानं मान तपासली तुमची?"

"नाही. पण लांबून ओळखलं त्यानं."

माझ्या धंद्यात हा नवा भिडू कोण, म्हणून मी दचकलो.

"आणि गुण आहे हं!" दादानं थरथरत्या हातानं मापाची फीत कमरेभोवती गुंडाळली. "बघ, दोन बोटं उतरली."

वहिनीनं त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "उतरली? मग पट्टा अजून शेवटच्याच भोकात कसा? आणि जेवता तर हल्ली दोघांचं!"

तिनं फीत ओढून घेतली आणि टेबलावरच्या कापड मोजायच्या लोखंडी गजाला लावली. वर्षानुवर्षं ताणून ताणून फीत चांगली वाढली होती. त्याच फितीनं गिऱ्हाईक मोजायचं, त्याच फितीनं कापड. म्हणून कपडे बरोबर बसत आणि कोणाची तक्रार नसे. बारीक झाली होती ती एकट्या दादाची कंबर, तीही फक्त फितीवर.

दादा मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे पोट तिथंच, आणि हात गेले?"

"उठा," वहिनी म्हणाली. आणि तो उठला. त्याला दवाखान्यात मीच नेलं, असं मी सगळीकडे सांगतो. गाडीत मी पुढे बसलो होतो.

रक्त तपासून आणि बाटली पाहून डॉक्टरीणबाई कडाडल्या. "तुमची ग्रंथी झोपली-बिपली नव्हती हो, इमानानं काम करत होती बिचारी! ह्या पाल्याच्या नावाखाली थायरॉईडचं खरं औषधच भरलंय, तेही बिनमापाचं. धावत्या घोड्याला चाबूक! अजून घेत राहिला असता तर हृदयानं दगा दिला असता. बंद, आजपासून. आणि मी बोलावीन तेव्हा तपासायला यायचं."

"पण ते नैसर्गिक..." मी म्हणालो.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," दादा म्हणाला.

पुढे बरेच दिवस दुकान अर्धंच उघडं असे. एके दुपारी गेलो, तर वहिनी दारातच वकिलाला थोपवून उभी.

"कोट नंतर. झोपलेत ते."

आत दादा कापायच्या टेबलावर आडवा, तोंड उघडं, निश्चल. माझ्या चाणाक्ष नजरेनं ओळखलं: बेशुद्ध! विषाचा दुसरा डोस! मी वाकून त्याच्या नाकाशी कान नेला.

"गाढवा," डोळे न उघडता दादा म्हणाला, "वारा अडवू नकोस," आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागला.