मधुकाकांना देवरावजींच्या पायाचा हेवा

पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी, अकोल्याच्या जठारपेठेतल्या मधुकाकांवर अन्याय झाला. कसा झाला ते सांगते. पण आधी माणूस समजून घ्या, कारण माणूस सरळ नाही.

मधुकाकांना शेजारच्या देवरावजींच्या तुटलेल्या पायाचा हेवा वाटतो. लोक दुसऱ्याच्या नव्या गाडीकडे बघतात ना, तसे काका रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून त्या रिकाम्या पायजम्याकडे बघतात.

"तुयं बरं हाये देवराव. दिसते तरी!"

"मंग ने ना लेका. उरलेला बी काढून देऊ?"

दोघंही पाणीपुरवठा खात्यातले. देवरावजींच्या पायावर लोखंडी पाइप पडला. काका टाकीच्या शिडीवरून डोक्यावर आपटले. तेव्हापासून वर बघितलं, वाकलं, झटकन वळलं की त्यांचं जग गरगर फिरतं. दोघांना अपंगत्वाची पेन्शन लागली. देवरावजींच्या कागदावर 'कायमस्वरूपी' असा शिक्का बसला. काकांच्या डोक्यातली चक्कर कुठल्याच फोटोत येईना. म्हणून त्यांनी अधूनमधून तपासणी मंडळापुढे उभं राहून सिद्ध करायचं, की मी अजून बरा झालेलो नाही. सिद्ध झालं नाही, तर पेन्शन बंद.

मग हेवा पसरत गेला. शेजारणीच्या भिंतीला तडा गेला, "दिसते तरी!" कोणाच्या पोराला गोवर आला, "पाह्य, कसा ठसठशीत उमटला!" माझ्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हा तर काका रोज येऊन त्यावर बोटाने टकटक करून जायचे. कौतुकाने!

तपासणी अमरावतीला. काकांना एकट्याने बसमधून उतरता येत नाही, म्हणून सोबतीला देवरावजी. कुबडीवाल्याने चकरीवाल्याला सांभाळायचं, अशी आमच्या सरकारी सेवकांची सोय. त्या सोमवारी मीही तिथे होते, पेन्शनवाल्यांच्या हक्कांची पत्रकं वाटत.

काका बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते. देवरावजी नंबर विचारून पायऱ्या उतरत होते. फरशी नुकतीच पुसलेली, कुबडी सटकली. काका उठले, धावले आणि देवरावजींना कमरेत धरून उभं केलं. नेमके तेव्हाच डॉक्टर दारात.

"वा, चांगले पळता की!" एवढं म्हणून ते आत गेले.

दार लागलं. काका भिंत धरून खाली बसले आणि कुंडीत ओकले. मी पाहिलं, रांगेने पाहिलं. मंडळाने नाही पाहिलं. शेरा पडला, 'कामास योग्य'. पेन्शन थांबली.

माणूस धावला, एवढं यांना दिसतं. धावल्यावर त्याचं काय झालं, हे बघायला दार उघडावं लागतं!

मी काकांना म्हटलं, "अपील करू. देवरावजींची साक्ष काढू."

काका भडकले. "त्याले काहून मधात आणतं? मी त्याले सांगतलं, एक कागद कमी पडला म्हणून पेन्शन थांबली. खरं कळलं तं तो माया घरी पाय टाकणार नाही पोरी. अन् एकच तं पाय हाये त्याले टाकायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी आवाज आला, रोजच्यापेक्षा मोठा. "तुयं बरं हाये देवराव! दिसते तरी!"

मला त्या क्षणी देवरावजींचा हेवा वाटला. पायाचा नाही.

आता तुमच्याकडे येते. त्या सोमवारी तुम्ही त्या रांगेत असाल, तर अपिलाच्या सुनावणीला माझ्यासोबत चला आणि कुंडीपाशी जे पाहिलं ते तोंडाने सांगा. आणि जठारपेठेत राहत असाल, तर आणखी एक करा. देवरावजींना बारीक अक्षर वाचता येत नाही. त्यांनी कितीही आग्रह केला, तरी हे त्यांना वाचून दाखवू नका.