सदतीस पळं पुढे

गंगाधरपंतांना वेळ विचारली की दोन उत्तरं मिळत. "इथं पावणेनऊ, तिथं नऊ." विचारणारा नवखा असला तर 'तिथं म्हणजे कुठं?' असं विचारायची चूक करी, आणि मग त्याचे तिथल्या तिथे साडेनऊ होत. आम्हा भोकरदनकरांना उत्तर पाठ होतं. तिथं म्हणजे वरंगळला. पंतांची एकुलती एक मुलगी यमू तिकडे दिलेली होती. वरंगळ आपल्या पूर्वेला, म्हणून यमूच्या अंगणात सूर्य आपल्याआधी उगवतो, हे पंतांनी पंचांगातून शोधून काढलं होतं. किती आधी? तर सदतीस पळं. साठ पळांची एक घटका आणि एक घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. पुढचं गणित तुम्हीच करा. मी शाळामास्तर असून मला ते कागदावर करावं लागलं होतं.

ही निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी भोकरदनच्या शाळेत मुलांना उर्दूतून भूगोल शिकवत असे आणि मराठीतून दम देत असे. पंत माझे शेजारी, मधे एक कमरेएवढी भिंत. धंद्याने जोशी. पण त्यांची खरी ख्याती होती ती लग्नात घटका घालण्याबद्दल. घंगाळात पाणी घ्यायचं, त्यावर तांब्याची एक पातळ वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी हळूहळू वाटीत चढतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. सूर्य उगवताना पहिल्यांदा सोडायची, बुडाली की भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवायचं आणि रिकामी करून पुन्हा सोडायची. मुहूर्ताइतकी बोटं भिंतीवर आली की पंत "घटका भरली!" अशी आरोळी ठोकत, आणि मगच अंतरपाट दूर होई. तोवर नवरदेव राजाचा मुलगा असला तरी पाटावर उभा.

या वाटीपुढे पंत कुठल्याही घड्याळाला जुमानत नसत. कचेरीतला चपराशी तास ठोकी, त्याबद्दल त्यांचं मत होतं की तो बिडी संपल्यावर ठोकतो. जिनिंगचा भोंगा मालकाच्या मर्जीनं वाजतो. कोंबडा त्यातल्या त्यात बरा, पण त्याला कुणीतरी खाऊन टाकतं. मी जालन्याहून मनगटी घड्याळ आणलं, तेव्हा सगळं गाव बघायला आलं, पंतही आले, माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मास्तर, गुन्हा काय केला? हातकडी कामून घातली?" तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवरून विचारणा होई. "काय म्हणून राह्यली हातकडी?" मी वेळ सांगे. पंत आकाशाकडे बघत, आपल्याशीच मान हलवत आणि माझ्या चुकीची मिनिटं मला सांगून आत जात.

एकदा कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तहसीलदारसाहेबांनी पंतांना बोलावून घेतलं, की बरोबर वेळ लावून द्या. पंत वाटी आणि घंगाळ घेऊन हजर. सूर्य माथ्यावर येईपर्यंत त्यांनी कुणाला काट्याला हात लावू दिला नाही. अख्खी कचेरी एका वाटीकडे बघत बसली. शेवटी साहेब कातावले. "पंतजी, एक कटोरी पे इतना भरोसा?" पंत म्हणाले, "साब, घड्याळ को चाबी आदमी देता. पानी को चाबी कौन देता?" साहेबांनी पान पुढे केलं.

कुणाकडे गेले की "दोन घटका बसतो" म्हणत, आणि खरोखर दोनच घटका बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की उठत, मग गोष्ट कुठेही असो. एकदा माझ्याकडे "आणि मंग त्या म्हाताऱ्यानं..." इथवर येऊन उठले. म्हाताऱ्यानं काय केलं ते कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. काही केलं नव्हतं.

यमूची आई लवकर गेली. दहाव्या वर्षापासून चूल त्या पोरीनंच सांभाळली. पंत वाटी घेऊन बसले की ही भाकरी थापता थापता आतून ओरडे, "नाना, झाली का घटका? भाकर निवून राह्यली!" आणि पंत बाहेरून, "थांब, बारा पळं!" मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येई. गावात भांडणं मुलूखभरच्या गोष्टींवरून, बापलेकीचं मात्र रोज असं पळापळांवरून.

यमूचं लग्न वैशाखात झालं. तेरा घटकांवर मुहूर्त होता. व्याही रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, जाकिटाच्या खिशात साखळीचं घड्याळ, आणि दर पाच मिनिटांनी ते काढून बघायची खोड. भिंतीवर कुंकवाची बारा बोटं उमटली, तेरावी वाटी पाण्यावर सोडली गेली. नवरदेव उभा, अंतरपाट धरून दोघं उभे, मंगलाष्टकं म्हणणारे गळे साफ करून तयार. वाटी काही बुडेना. व्याह्यांनी एकदा घड्याळ काढलं, दुसऱ्यांदा काढलं, तिसऱ्यांदा ते हातातच ठेवलं.

"पंत, मुहूर्त टळला."

"तुमचं घड्याळ पळून राह्यलंय. पाणी पळत न्हाई."

"अहो, वीस मिनिटं वर झाली!"

माणसं कुजबुजू लागली. पंतांनी मान न वळवता मला हाक मारली. "मास्तर, तुमची हातकडी काय म्हणती?"

इतकी वर्षं ज्या घड्याळाला हा माणूस हसत होता, त्याची साक्ष आज त्यानंच मागितली होती. मला आता खोटं बोलता आलं असतं. 'माझं बंद आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी बाही मागे सारली, मनगट वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बावीस मिनिटं उलटली, पंत." खरं बोलल्याचा आनंद मला त्या वेळी झाला होता, हे आज सांगताना लाज वाटते.

पंतांनी माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे. घटकेएवढी वाटलेली दोन मिनिटं गेली आणि ती बुडाली. "घटका भरली," ते म्हणाले, पण ती आरोळी नव्हती. शेजारी बसलेल्यालाच ऐकू गेली असेल.

लग्न लागलं, वरात गेली, पण गावाला विषय मिळाला. कुणी उशिरा आलं की 'पंतांची घटका का रे?' आणि जोश्याच्याच पोरीचा मुहूर्त चुकला, आता काय होतंय बघा, असं बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या. लोकांनी पंतांना बोलावणं सोडलं. मुहूर्त सांगायला मला नेऊ लागले. मी पाटाशेजारी मनगट वर करून उभा राही, फेटा बांधून घेई आणि जेवणात पहिल्या पंगतीला बसे. पंतांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. वाटी ओसरीतल्या खुंटीला टांगली ती टांगलीच. आकाश बघणं तेवढं राहिलं, आणि त्या दोन वेळा. इथं इतके, तिथं इतके.

यमूचं पत्र आलं की मात्र एक चमत्कारिक गोष्ट होई. पत्राची वाट ते चातकासारखी बघत, आणि पत्र हातात पडलं की फोडत नसत. भिंतीपाशी येऊन माझ्या हातात देत. "मास्तर, आधी तुम्ही वाचा. बरं असलं तर मला द्या." बहुधा बरंच असे. एकदा यमूच्या धाकट्या मुलाला ताप आला असं होतं, तर पंत तीन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, "पंत, लेकराला ताप यायचाच." ते म्हणाले, "यायचाच हो. पण कामून आला, ते कुणाला ठाऊक?" मला वाटलं, वय झालं.

मग ती रझाकारांच्या धामधुमीची वर्षं आली. रस्ते धड नव्हते, टपाल येईल तेव्हा येई. यमूला माहेरी येऊन तीन वर्षं झाली. पंत सकाळी अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभे राहत आणि सूर्य दिसला की म्हणत, "तिची चूल पेटून सदतीस पळं झाली." हे ते मला म्हणत नसत, पण मी ऐकत असे, आणि ऐकून आत निघून जात असे.

मुलूख शांत झाला आणि त्याच थंडीत माझ्या लेकीचं, शकूचं लग्न ठरलं. नांदेडचं स्थळ. मुहूर्त अकरा घटकांवर. आदल्या सकाळी मी भिंतीवरून पंतांना म्हटलं, "पंत, उद्या घटका तुम्ही घालायची."

"कामून? हातकडी बिघडली?"

"चांगली चालू आहे. पण माझ्या पोरीचं लग्न पाण्यावर लागावं."

पंत खुंटीकडे वळले. जरा वेळानं चिंचेनं तांबं घासल्याचा आवाज यायला लागला, तो बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना वाटी पाण्यावर बसली. भिंतीवर एकेक बोट उमटू लागलं. मी स्वयंपाकाकडे, मांडवाकडे, वाजंत्र्यांकडे उगाच धावत होतो. नऊ बोटं झाली तेव्हा पाय आपसूक घंगाळाकडे वळले. मी पंतांशेजारी टेकलो. डोळ्यांसमोरची वाटी भरत होती आणि मला ती भरायला नको होती. एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

"मास्तर," पंत वाटीवरची नजर न काढता हळूच म्हणाले, "यमूच्या लग्नात वाटीत दाणा होता. तांदळाचा. भोकात."

"अक्षता पडली असेल उडून."

"पडली न्हाई. म्या घातला."

मी वाटीच्या बुडाकडे बघितलं.

"मुहूर्त बघूनच घातला हो. फुडची घटका बी शुद्ध होती, तीनदा पंचांग पाहिलं. मी काय बाप न्हाई का? पण म्हणलं, तेरावी बुडाली की पोरगी गेली. एक घटका तरी माझ्या घरात ऱ्हाऊ द्या. एक. जास्तीची."

"मग? मिळाली ना?"

"मिळाली. ती आत गौरीहरापुढं बसेल होती. उपाशी. पहाटपासून उठेल. तिथंच डुलकी लागली तिला. म्या घंगाळापासून दारातून बघत बसलो. तुम्ही सगळे वरडून राह्यले होते, आणि ती झोपेल होती. घटकाभर पाहिलं तिला. बस्स." त्यांनी उपरण्यानं हात पुसले. "तरी पत्र आलं की फोडवत न्हाई. म्हणतो, माझ्या दाण्यानं तर काही झालं न्हाई ना."

मला माझं ते वर केलेलं मनगट आठवलं. मी म्हणालो, "पंत, तेव्हा सांगितलं असतं तर मी खोटं बोललो असतो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं." मग त्यांनी बुडालेली वाटी काढली, दहावं बोट उमटवलं आणि वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. "म्या दाणा घालणार न्हाई. पण ही शेवटची. इथं माझ्याजवळ बसून काय करून राह्यले? वाटी म्या बघतो. तुम्ही आत जा, पोरीपाशी."

मी गेलो. शकू गौरीहरापुढे अक्षता वाहत बसली होती. मी शेजारी बसलो तेव्हा तिने नुसतं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ती घटका लांबली की नाही, मला माहीत नाही. बाहेरून "घटका भरली!" अशी जुन्या दिवसांसारखी आरोळी आली, वाजंत्री उसळली, आणि सगळं लग्न लागेपर्यंत मी घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरात गेली. मी रिकाम्या मांडवात काहीतरी आवरत उभा होतो. भिंतीपलीकडून पंतांनी हाक मारली.

"मास्तर, नांदेड पंधरा पळं."

मी मान हलवली. गणित या वेळी कागदाशिवाय जमलं: सहा मिनिटं. मी बाही मागे सारली आणि काटा सहा मिनिटं पुढे सरकवला. पुढे नोकरी संपेपर्यंत आमची शाळा सहा मिनिटं आधी भरत असे.