लाल बटणाचं गूढ

"गुन्हेगार कितीही बारीक असो, माझ्या नजरेतून सुटत नाही. माझ्या नुसत्या चाहुलीनं तो घामाघूम होतो," असं आमचे वरिष्ठ प्रोग्रामर स्वतःविषयी सांगतात. दुसरं कुणी सांगत नाही म्हणून. टेबलावर ते एक भिंग ठेवतात, त्यामुळे ऑफिसात त्यांचं नाव भिंगसाहेब. मी त्यांची सहायक, म्हणजे काम करणारी.

माझ्याच लेकीच्या पाळणाघरासाठी आम्ही अ‍ॅप करत होतो. आईनं ‘मी निघाले’ हे बटण दाबलं की तिकडे मावशींच्या फोनवर घंटी वाजणार आणि मूल बूट घालून तयार होणार. आज संध्याकाळी ते द्यायचं होतं. हाताला सरावलेल्या जुन्या टूलमध्ये मी ते पुरं केलं होतं. चाचणीसाठी लेकीचं नाव घालून मावशींच्या फोनला जोडलंही होतं. पण भिंगसाहेबांनी कुठेतरी व्याख्यान ऐकलं आणि ऐन शेवटच्या दिवशी सगळं नव्या टूलमध्ये करायला घेतलं.

इकडे मी सकाळी लेकीला सांगून बसले होते, "आज सगळ्या आयांच्या आधी येते."

दुपारी भिंगसाहेब ओरडले, "घात!"

त्यांनी बटण निळं केलं होतं. पडद्यावर ते लालच. त्यांनी पुन्हा निळं केलं, दाबून पाहिलं. लाल.

"हे नवं टूल प्रतिस्पर्ध्यांनी पेरलंय!"

"साहेब, ते फुकट मिळतं. कुणीही घेतं."

"तेच तर! फुकट कोण देतं?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

मग संशय हिशेबनिसांवर गेला, कारण त्यांचा शर्ट लाल होता. "निळा घालून येऊ का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. पुन्हा बटण दाबलं गेलं, जणू दाबदाबून ते गुन्हा कबूल करणार होतं.

शेवटी, संध्याकाळ होत आली तेव्हा, नजर माझ्यावर रोखली गेली. "जुन्या टूलशी तुमचे जुने संबंध. हेतू उघड आहे."

"आहे ना. वेळेत लेकीला आणणं."

इतक्यात माझा फोन वाजला. पाळणाघराच्या मावशी होत्या. "अगं, निघालीस तरी कितीदा? दुपारपासून घंटी वाजतेय. पोरगी बूट घालून दारात बसलीय. खाऊ दिला तर म्हणते, आई आल्यावर."

माझ्या डोक्यात उजेड पडला. घंटी? नवं अ‍ॅप तर मावशींच्या फोनला अजून जोडलंच नव्हतं! मी भिंगसाहेबांची खुर्ची त्यांच्यासकट बाजूला ढकलली.

"साहेब, तुम्ही लिहिताय नव्यात आणि बघताय जुन्यात. हे माझंच अ‍ॅप उघडं आहे."

त्यांनी भिंगातून पडदा न्याहाळला. "नवं टूल निर्दोष आहे, हे मी आधीच ताडलं होतं."

"मग जुनंच देऊ?"

"पण बटण लाल आहे."

"राहू दे."

दिलं आणि निघाले. बटण दाबलं नाही. त्या घंटीवर आता कोण विश्वास ठेवणार होतं?

दारात लेक बसली होती. बूट उलटसुलट पायांत, दप्तर मांडीवर. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भिंगाशिवाय.

"आता खरी आलीस?"

"खरी."

तिनं माझं नाक ओढून खात्री करून घेतली. मगच हात दिला.