गुरुनाथच्या स्कीचा चाप

"पाय पुसून आत या," शैलजा स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

गुरुनाथ पाय न पुसता आत आला. बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं, की फ्रिजच्या घरघरीसारखं ते आता त्याला ऐकूच येत नसे. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये आदल्या दिवशी बर्फ पडला होता. त्याचा काळपट काला बुटांना चिकटून दारापासून कॉम्प्युटरपर्यंत आला. शैलजा कपाळाला हात लावून फडकं घेऊन आली, तोवर स्वारी खुर्चीत बसून स्कीची रुंदी बघण्यात गढलीही होती.

हे अकरा आठवडे चाललं होतं. याचं मूळ अतुल. अतुल आणि गुरुनाथ एकाच ऑफिसात, एकाच गाडीने जाणारे-येणारे. चार हिवाळे दोघं जवळच्या पोकोनोच्या टेकड्यांवर स्कीइंग करून आले होते. यंदा अतुलने उन्हाळ्यातच पुढच्या फेब्रुवारीत युटाला जायचं काढलं आणि थंडी सुरू होताच वर ही काडी टाकली, "गुरू, आपला पोकोनोचा बर्फ म्हणजे फरशी आहे यार. युटाचा बर्फ म्हणजे मैदा. तुझ्या त्या बारक्या स्की बुडतील त्यात. रुंद घे."

रुंद म्हणजे किती, हे अतुलने सांगितलं नाही. मग गुरुनाथने एक्सेल उघडलं. तेवीस स्की, प्रत्येकीची लांबी, टोकाची रुंदी, कमरेची म्हणजे मधली रुंदी, लवचिकपणा. शिवाय इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांची मतं, जी एकमेकांशी कधीच जुळत नव्हती. एक म्हणे कंबर चौऱ्याण्णव मिलिमीटरच्या वर नको, दुसरा म्हणे अठ्ठ्याण्णवच्या खाली म्हणजे मूर्खपणा. गुरुनाथ रोज जेवताना हा चार मिलिमीटरचा प्रश्न शैलजापुढे मांडायचा.

"स्कीच्या कमरेचं एवढं बघताय," शैलजा त्याच्या ताटात दुधीची भाजी वाढत म्हणायची, "तुमच्या कमरेचं काय?"

कारण युटाची परवानगी फुकट मिळालेली नव्हती. उन्हाळ्यात गुरुनाथची शुगर वाढलेली निघाली आणि शैलजाने स्पष्ट अट घातली. वजन एकशे पासष्ट पौंडांवर आलं तर युटा, नाही तर नाही. तेव्हापासून घरात तेल, साखर, बटाटा बंद. त्याच्या जोडीने ती स्वतःही सहा महिने दुधी खात होती, हे विशेष. दर रविवारी ती बाथरूममधल्या काट्यावर त्याला उभं करायची आणि आकडा वाचायला वाकायची. ती वाकली, की गुरुनाथचा डावा हात बेसिनच्या कडेवर अलगद भार टाकायचा. सरावाने हात इतका तयार झाला होता, की दर आठवड्याला एक-एक पौंड उतरवणं त्याला जमू लागलं. खरं वजन एकशे ब्याण्णवच्या खाली कधी आलंच नाही. दर गुरुवारी ऑफिसातून येताना अतुलची गाडी एडिसनच्या भारतीय बाजाराकडे वळायची आणि तिथल्या बटाटेवड्यांपुढे दुधीचं काही चालत नसे.

जानेवारीत गुरुनाथने अठ्ठ्याण्णव मिलिमीटरचा निर्णय घेतला आणि अतुलला घेऊन तिघं दुकानात गेले. शैलजा आली, कारण हे प्रकरण एकदाचं संपलेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

"आता बाइंडिंग," गुरुनाथ तिला समजावू लागला. "म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा चाप. पडलो की तो सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. पण पडायच्या आधी सुटता कामा नये."

"एवढं कळायला अकरा आठवडे?"

दुकानातला दाढीवाला मेकॅनिक फॉर्म घेऊन आला. चाप किती घट्ट ठेवायचा ते माणसावरून ठरतं, असं म्हणून त्याने पेन काढलं आणि विचारलं, "वजन?"

एक्सेलमध्ये या रकान्याचा विचार झालेला नव्हता. गुरुनाथने शैलजाकडे पाहिलं. ती कौतुकाने त्याच्याकडेच बघत होती.

"एकशे पासष्ट," शैलजाच म्हणाली. "एकशे नव्वदच्या वर होते, सहा महिन्यांत उतरवलं."

मेकॅनिकने गुरुनाथच्या जाकिटाच्या ताणलेल्या चेनकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाला, "एकशे पासष्टला ही स्की फार लांब होईल. दहा सेंटिमीटर कमी घ्या."

अकरा आठवडे पाण्यात जायची वेळ आली. गुरुनाथ घाईने म्हणाला, "मी पाठीवर सॅक घेतो."

"किती वजनाची?"

"सत्तावीस पौंड."

"काय असतं तिच्यात?"

"खायचं."

"अहो, मी चार खाकरे देणार आहे," शैलजा म्हणाली. अतुलने तोंड फिरवून हातमोजे बघायला सुरुवात केली.

सॅकमुळे स्की लांबच मिळाली, पण चापाच्या हिशेबात सॅक धरत नाहीत, असं मेकॅनिकने सांगितलं. मग त्याने वय विचारलं. इथे दुसरी पंचाईत. गुरुनाथचा जन्म चोपन्नच्या दिवाळीतला. पण शाळेत नाव घालताना मामाने वय कमी करून एक जून छप्पन्न अशी तारीख ठोकून दिली होती. पासपोर्टवर तीच. ग्रीन कार्डच्या अर्जावरही तीच, आणि वकिलाने बजावलं होतं की जिथे सही, तिथे पासपोर्टवरची तारीख. फॉर्मच्या तळाशी तर 'वरील माहिती खरी आहे' अशी ओळच होती.

"एकोणपन्नास," गुरुनाथ म्हणाला आणि सही केली.

चापाच्या इवल्याशा खिडकीत घट्टपणाचा साडेसहाचा आकडा लागला. तो नेमका कुठल्या गुरुनाथचा, हे फक्त गुरुनाथला माहीत होतं. घरी येताना शैलजा इतकी खुशीत होती, की तिने महिन्यातून एकदा साबुदाण्याची खिचडी कबूल केली. गुरुनाथला त्या खिचडीने आणखीच अपराधी वाटलं.

युटा अतुलने सांगितल्यासारखंच निघालं. गुडघाभर मऊ, कोरडा बर्फ. शैलजा खाली उपाहारगृहाच्या काचेशी चहाचा थर्मास घेऊन बसली. अतुल आणि गुरुनाथ वर गेले. वरचा बर्फ न्याहाळत दोघं स्की काढून दहा पावलं चालले, पुन्हा स्की चढवल्या आणि निघाले. पहिल्याच वळणावर गुरुनाथची डावी स्की सुटली, बर्फात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मैद्यात पडलेला चमचा आणि मऊ बर्फात शिरलेली स्की लवकर सापडत नाहीत. दोघं चाळीस मिनिटं काठ्यांनी भोसकत राहिले. स्की सापडली, चढवली, तीन वळणांनी उजवी सुटली.

"यार, तीन महिने एक्सेल करून हे घेतलंस?" अतुल म्हणाला.

"स्की उत्तम आहेत. चापच सैल आहे."

"मग घट्ट कर की."

"तसं आपल्या मनाने करायचं नसतं. वजनावर असतं ते."

अतुलला गुरुवारचे वडे माहीत होते. तो पुन्हा बर्फ भोसकू लागला. दुपारपर्यंत स्की चौथ्यांदा सुटली, तेव्हा त्याचाही धीर सुटला. "दुरुस्तीच्या दुकानात चल. नाहीतर उद्या मी एकटा येतो."

गुरुनाथला वाटलं, शैलजाला कळायच्या आत गुपचूप जाऊन यावं. पण ती काचेतून सकाळपासून या दोघांना जागोजागी उकरताना बघत होती. कुणाचं काय हरवलं म्हणून ती बाहेरच उभी होती. हकिगत ऐकून ती तडक बरोबर निघाली. दुकानदाराची चूक कुणी खपवून घ्यायची नाही, या मताची ती होती.

डोंगरावरच्या दुकानात दोन वेण्यांची एक पोरसवदा मुलगी मेकॅनिक होती. तिने साडेसहा पाहिलं, न्यू जर्सीचा फॉर्म पाहिला, तक्ता पाहिला.

"एकशे पासष्ट, एकोणपन्नास. आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "वजन वाढलंय का?"

"सुट्टीत एखाद पौंड," गुरुनाथ म्हणाला.

"तिथे काटा आहे."

काटा भिंतीपासून चांगला लांब होता. आसपास बेसिन नव्हतं. गुरुनाथने एकदा अतुलकडे पाहिलं. अतुलने पुन्हा हातमोजे शोधले.

"उभे राहा ना," शैलजा म्हणाली. "एकशे पासष्टच आहे म्हणावं. मी स्वतः दर रविवारी बघते."

तिच्या आवाजात एवढा विश्वास होता, की गुरुनाथला काट्यावर चढवेना. शिवाय चुकीच्या आकड्यावर गुडघाही जायचा आणि उद्याचा दिवसही. त्याने खाली बघत सांगून टाकलं.

"एकशे ब्याण्णव."

"कधीपासून?" शैलजाने विचारलं.

"पहिल्यापासून."

ती ओरडली असती तर गुरुनाथला बरं वाटलं असतं. सहा महिन्यांचा दुधी तिच्या डोळ्यांसमोरून जाताना त्याला स्पष्ट दिसला. आता उरलंच काय, म्हणून त्याने दाराकडे बघत हळू आवाजात पुढचंही सांगितलं, "वयसुद्धा एक्कावन्न. पण ते लिहू नका."

मुलीने तक्त्यावर बोट ठेवलं. वजन वाढलं म्हणून बोट एक ओळ खाली आलं. पन्नाशी उलटली की चाप सैल लागतो, म्हणून एक ओळ वर गेलं. ती थांबली.

"साडेसहा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी होतं तेच. चापाला हात लावायचं काही कारण नाही."

गुरुनाथ तक्त्याकडे बघतच राहिला. दोन खोटे आकडे एकमेकांना खाऊन बसले होते. कुणाला काही न सांगता तो जन्मभर साडेसहावर सुखाने राहू शकला असता. सगळं सांगून मोकळा झाल्यावर हे कळावं, याचा त्याला मनापासून संताप आला.

"मग सुटते कशाला?" तो जवळजवळ किंचाळला.

"बूट बघू." मुलीने त्याचा पाय घोड्याच्या खुरासारखा उलटा धरला आणि स्क्रूड्रायव्हर मारला. तळव्याखालून खोबऱ्याच्या वडीएवढा घट्ट बर्फाचा तुकडा खाली पडला. "हा बघा. मऊ बर्फात चाललं की तळाला चिकटतो. मग बूट चापात नीट बसतच नाही. पोकोनोत कडक बर्फ, तिथे कळलं नसेल. काही नाही, स्की चढवण्याआधी प्रत्येक वेळी पाय पुसायचे."

"काय म्हणाली ती?" शैलजाने विचारलं.

"तुला ऐकू आलंय."

"तरी तिला परत म्हणायला सांगा. सावकाश."

मुलीने परत सांगितलं. सावकाश सांगितलं. शैलजाने तिचे आभार मानले, आणि अतुलकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "भाऊजी, गुरुवारी यांना घ्यायला मी येत जाईन ऑफिसात. तुम्हाला एडिसनचा वळसा नको."

अतुल बिचारा मान हलवून मोकळा झाला. बटाटेवड्यांचा शेवट झाला तो असा, युटात.

उतारावर उरलेले दोन तास गुरुनाथने प्रत्येक वेळी पाय उचलून, काठीच्या टोकाने बुटाचा तळ खरवडून, मगच स्की चढवल्या. एकदाही सुटल्या नाहीत. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर त्या मैद्यावरून असे तरंगले, की एरवी त्याने तासभर त्याचं वर्णन केलं असतं. ऐकायला कुणी तयार आहे का, याची खात्री नसल्यामुळे त्याने ते मनातच ठेवलं.

संध्याकाळी तो भाड्याच्या घरी परतला. आत दिवा होता, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. दार उघडून तो उंबऱ्याशी थांबला. स्वयंपाकघरातून नेहमीचं वाक्य येईल म्हणून त्याने वाट पाहिली. आलं नाही. मग तो पायपुसण्यावर चढला आणि आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा, टाच, चवडा, कडा, असं निगुतीने पुसत राहिला. बराच वेळ गेला.

"पुरे आता," अखेर आतून शैलजा म्हणाली. "आत या. दुधी निवतोय."